चिडीचूप तेलाच्या डबीवरची आत्या

चिडीचूप तेलाच्या डबीवर आत्याचं तोंड आहे आणि त्या तोंडावर आत्याचंच बोट आहे. यातल्या पहिल्या गोष्टीला आत्याची परवानगी नव्हती आणि दुसरी गोष्ट तिच्या स्वभावात नव्हती.

आत्यानं टेलिफोन खात्यात चोवीस वर्षं नोकरी करून अख्ख्या शहराला बोलतं ठेवलं. निवृत्तीनंतर ते काम तिनं खासगीरीत्या पुढे चालू ठेवलं. अशा बाईचं, ओठांवर बोट ठेवून जगाला गप्प करणारं चित्र डबीवर छापून तिच्या भावानं करकरणाऱ्या बिजागऱ्यांसाठी तेल विकायला काढलं. तेल चाललं. पुढे भाऊ गेला, तेल राहिलं आणि ते त्याच्या मुलाकडे आलं. या मुलाला, म्हणजे आज बावन्न वर्षांच्या गृहस्थाला, सगळी गल्ली 'चेअरमन' म्हणते. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. माणसं पाच, त्यातली एक त्यांची बायको. पण पाटीवर 'चेअरमन' लिहिलेलं आहे आणि पाटी पितळेची आहे. पितळेपुढे लोकांचं काही चालत नाही. आत्या मात्र त्यांना 'बाळ' म्हणते, आणि ते गिऱ्हाइकांसमोर.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकलेली बरी. चेअरमनांच्या पुढच्या खोलीचं दार करकरायचं. बायको आठ महिने सांगत होती. "बघतो," असं चेअरमन म्हणायचे आणि दाराकडे खरोखरच बघायचे. शेजारी मोठ्या मनाचे, ते यावर चकार शब्द काढत नसत. आले की फक्त दार दोनदा उघडझाप करून मग बसत.

तर एका सकाळी परदेशातल्या भाच्यानं फोटो पाठवला. तिकडच्या एका दुकानातल्या फळीवर ओळीनं मांडलेल्या डब्या. डबीवर बाई, बाईच्या ओठांवर बोट.

चेअरमनांचा ऊर भरून आला. तीन वर्षांपूर्वी तिकडच्या एका एजंटाला त्यांनी चाळीस खोकी माल पाठवला होता. एजंटानं पुन्हा चाळीस मागवली आणि मग कळवलं की इथल्या लोकांना करकर आवडते, मागणी नाही. चेअरमनांनी ते खरं मानलं होतं. परदेशातल्या लोकांना काय काय आवडत असेल, आपण कोण सांगणार?

"मामा, खूश काय होताय?" भाचा फोनवर म्हणाला. "नीट बघा. ही आपली डबी नाही."

चेअरमनांनी चष्मा लावला. डबीला सोनेरी काठ होता. बाईचे केस काळेभोर होते. आणि नाक सरळ होतं. आत्याचं नाक मध्यावर जरा विचारात पडल्यासारखं थबकतं आणि मग खाली येतं. या बाईचं नाक एका दमात खाली आलेलं.

"तुमच्या एजंटानं चित्र स्वतःच्या नावावर नोंदवलंय," भाचा म्हणाला. "तेलही तोच बनवतो."

चेअरमनांनी जे करायला नको होतं ते लगेच केलं. अस्सल माल बघितला की लोक आपोआप नक्कल टाकून देतील, या विचारानं त्यांनी बारा खोकी भाच्याच्या नावानं रवाना केली. ती बंदरावर अडवली गेली. तिकडच्या कस्टमनं कळवलं, की सदर चित्राचे नोंदणीकृत मालक अमुक अमुक असून आपला माल बनावट असल्याचा संशय आहे.

"बनावट?" चेअरमन खुर्चीतून उठले. "माझी आत्या बनावट?"

ही बातमी बाहेर फुटू नये अशी चेअरमनांची फार इच्छा होती. पण बायकोनं ती फक्त एका बाईला सांगितली आणि त्या बाईनंही फक्त एकेकीलाच सांगितली. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावरचे टपालमास्तर दार दोनदा उघडझाप करून येऊन बसले. टपालमास्तरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण जगातल्या प्रत्येक प्रश्नाला रजिस्टर्ड पत्र हे उत्तर आहे यावरचा त्यांचा विश्वास तसूभरही ढळला नव्हता.

"रजिस्टर्ड, पोचपावतीसह," ते म्हणाले. "थेट त्यांच्या राजाला."

"तिथे राजा नाही हो."

"मग जो कोणी असेल त्याला. पोचपावतीवर सही करताना माणूस घाबरतो. चाळीस वर्षं बघितलंय मी."

चेअरमन वकिलीणबाईंकडे गेले. बाई तरुण होत्या आणि त्यांच्या टेबलावर एकही कागद नव्हता, त्यामुळे चेअरमनांना सुरुवातीला विश्वास वाटेना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चार वाक्यांत सांगितलं. चिन्हाची नोंदणी ज्या त्या देशापुरती असते. तिकडे जो आधी अर्ज करतो तो मालक. पण त्यानं ते लबाडीनं उचललंय, चित्र मुळात तुमचं आहे, हे दाखवलंत तर त्याची नोंदणी रद्द होते. इथली चित्राची नोंदणी दाखवा, काम सोपं आहे.

इथे चेअरमनांनी पाणी मागितलं.

कारण त्यांच्या वडिलांनी इथे फक्त 'चिडीचूप' हा शब्द नोंदवला होता. चित्राची फी वेगळी होती, आणि 'ताई काय कुठे पळून जातेय,' असं ते तेव्हा म्हणाले होते. परदेशात तो शब्द कोणाला वाचता येत नव्हता. तिकडे तेल खपत होतं ते बाईच्या तोंडावर.

"एजंटाला पाठवलेली बिलं?"

"आहेत की!" बिलांवर 'तेल, चाळीस खोकी' एवढंच होतं. चित्राचा ठसा बिलावर मारला की शाई वाया जाते, हेही वडिलांचंच.

"हरकत नाही. जुन्या डब्या दाखवा. तारखेच्या."

चेअरमनांनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं. चिडीचूपची पद्धत अशी, की रिकामी डबी परत आणली की भरलेली डबी सवलतीत मिळते. परत आलेली डबी धुवायची, तळावरची जुनी तारीख कानशीनं घासून काढायची आणि नवी ठोकायची. या काटकसरीबद्दल वडिलांना एकदा पदकही मिळालं होतं. म्हणजे एकावन्न वर्षांचा पुरावा या घराण्यानं स्वतःच्या हातानं, रोज सकाळी नऊ ते पाच, नेटानं घासून काढला होता.

वकिलीणबाईंनी एकदा खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "गल्लीत कोणीतरी डबी परत न करता ठेवून घेतली असेलच."

त्या आठवड्यात चेअरमन घरोघर फिरले. डब्या निघाल्या! कशात टाचण्या, कशात दुधाचे दात, कशात कुठल्या कुलपाची ते कोणालाच ठाऊक नाही अशी किल्ली. पण बहुतेक डब्यांच्या तळावर अलीकडचीच तारीख, आणि जुन्या असतील त्या माणसं फुकट देईनात. 'आमच्या टाचण्या कशात ठेवू?' हा प्रश्न परदेशी कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. अखेर कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे एक डबी मिळाली. तळावर सदतीस वर्षांपूर्वीची तारीख ठसठशीत. चेअरमनांनी बटणं बाजूला ओतून ती उताणी केली. सदतीस वर्षं झाकण उघडताना बाईंचा अंगठा नेमका चित्रावर पडत आला होता. चेहरा साफ पुसला गेला होता. बोट तेवढं शिल्लक होतं.

"नुसत्या बोटावर हक्क सांगता येत नाही," वकिलीणबाई म्हणाल्या. "आता एकच राहिलं. चित्रातल्या बाई हयात आहेत ना? हयात माणसाचं तोंड वापरायचं तर तिकडे त्या माणसाची लेखी परवानगी लागते. एजंटानं काय लिहून दिलंय माहितीये? हे चित्र त्याच्या स्वर्गवासी आजीचं आहे. तुमच्या आत्यांनी पुढे येऊन 'ही मी' म्हटलं की त्याची आजीही गेली आणि नोंदणीही गेली."

आत्या समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. आल्यागेल्यावर नजर ठेवायला तळमजला बरा पडतो. चेअरमनांनी परवानगीचा कागद पुढे केला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"नाही."

"अगं आत्या, नुसती सही..."

"एकावन्न वर्षं मला कोणी विचारलं? तुझ्या बापानं विचारलं? तू विचारलंस? एक्सचेंजमध्ये पोरी मला 'चिडीचूप' म्हणायच्या. बदलीच्या गावी गेले तर तिथेही डबी माझ्याआधी पोचलेली! लग्नाला एक स्थळ आलं होतं, बाळ. बरं होतं. मुलाची आई म्हणाली, हिला कुठेतरी बघितलंय. आठवलं तेव्हा हसत सुटली ती बाई."

चेअरमनांना हे माहीत नव्हतं. कारखान्याच्या इतिहासात ही नोंद नव्हती. ते कागद घेऊन खाली मान घालून परत आले आणि दार करकरलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आत्या हवापाण्यापासून नळाच्या वेळेपर्यंत सगळं बोलायची, फक्त कागदाचं नाव काढलं की 'नाही'. तिसऱ्या दिवशी चेअरमन वैतागून म्हणाले, "राहू दे. तसंही त्यांच्या कागदोपत्री तू मेलेलीच आहेस."

आत्या बोलायची थांबली. हे फार क्वचित घडतं.

"कोण मेलं?"

"तू. एजंटाची आजी म्हणून. केस काळे केलेत. नाकही सरळ केलंय."

"नाक?" आत्या उठली. "दाखव."

तिनं फोनवरचा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "सही मी करणार नाही," ती म्हणाली. "पण या माणसाशी मला बोलायचंय. मी स्वतः बोलेन."

चेअरमनांनी आनंदानं वकिलीणबाईंना फोन केला. बाईंना आनंद जरा कमी झाला. तिकडच्या कार्यालयानं व्हिडिओवर सुनावणी द्यायचं मान्य केलं, पण एजंटाच्या म्हणण्यानुसार बाई मयत असल्यानं त्या जिवंत असल्याचा दाखला आधी पाठवा, अशी अट घातली.

चेअरमन आणि आत्या पेन्शन कचेरीत गेले.

"हयातीचे दाखले वर्षअखेरीस," कारकून म्हणाला. "आत्ता नाही."

"अहो, या आत्ता जिवंत आहेत."

"असणारच. गेल्या दाखल्याप्रमाणे त्या वर्षअखेरपर्यंत जिवंतच आहेत. पुन्हा दाखला कशाला?"

"मग तेवढंच लिहून द्या."

"लिहून द्यायचं म्हणजे दाखलाच झाला की. आणि दाखल्यांना अजून चार महिने आहेत."

चेअरमनांनी आवाज चढवला, त्याचा काही परिणाम झाला नाही. मग आत्यानं खुर्ची ओढून घेतली आणि 'तुम्ही कुठले?' इथून सुरुवात केली. पाऊण तासानं कारकुनानं स्वतः शिक्का शोधून काढला, दाखला लिहिला आणि तो दोन्ही हातांनी त्यांच्या स्वाधीन केला. त्यावर 'प्रस्तुत बाई पूर्णपणे जिवंत आहेत' असं होतं. 'पूर्णपणे' हा शब्द त्याचा स्वतःचा.

सुनावणी सकाळी दहाला होती. चेअरमनांच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडला. आत्या इस्त्रीच्या साडीत ताठ बसली. वकिलीणबाईंनी तिला तीनदा बजावलं, "विचारतील तेवढंच बोलायचं." आत्यानंही त्यांना तीनदा 'हो' म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या माहेराची चौकशी केली. शेजारीपाजारी भिंतीला टेकून उभे राहिले. चेअरमनांनी कोट घातला होता. पडद्यावर एक गंभीर परदेशी अधिकारी, एक दुभाषी, आणि एजंटाचा गुळगुळीत वकील. एजंट स्वतः त्या वकिलाच्या मागे होता आणि आणखी मागे सरकत होता.

अधिकाऱ्यानं नाव विचारलं. आत्यानं नाव सांगितलं, नाव कोणी ठेवलं ते सांगितलं, आणि जे ठेवायचं राहून गेलं तेही सांगितलं. दुभाषी सुरुवातीला शब्दाला शब्द देत होता. पाच मिनिटांनी तो वाक्याला शब्द द्यायला लागला. दहा मिनिटांनी त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. आत्या तोवर थेट एजंटाशी बोलायला लागली होती. "काय रे, तुझी आजी चांगली होती ना? मग तिचं स्वतःचं नाक लावायचं होतंस!"

"बाळ, हे काय म्हणतायत?" मध्येच तिनं विचारलं, आणि दुभाष्यानं भाषांतर केलं असावं, कारण अधिकाऱ्यानं चेअरमनांकडे, त्यांच्या कोटाकडे आणि टकलाकडे कुतूहलानं बघून कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

एजंटाचा वकील म्हणाला, चित्र तिशीच्या बाईचं आहे, समोर एक्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत, आणि चित्रातली बाई गप्प आहे हा तर उघड फरक आहे. अधिकाऱ्यानं मान डोलावली. त्यानं विनंती केली, की बाईंनी चित्राप्रमाणे ओठांवर बोट ठेवून दाखवावं.

आत्यानं ठेवलं. ओळखपत्राच्या फोटोला बसावं तशी ती बसली. डोळे वटारलेले, मान ताठ, बोट थर्मामीटरसारखं. अधिकाऱ्यानं अडवलेल्या खोक्यातल्या डबीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. पुन्हा डबीकडे. त्याची मान हळूहळू आडवी हलायला लागली.

"पुन्हा एकदा," वकिलीणबाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. या वेळी दात दुखत असल्यासारखं दिसलं. एजंट खुर्चीत पुढे सरकला. त्याचा वकील उत्साहानं बोलायला लागला. भराभर, न थांबता, आणि कळत नसलं तरी प्रत्येकाला कळत होतं की सगळं संपत आलंय. चेअरमनांना कोटाच्या आत घाम फुटला. एकावन्न वर्षं, बारा खोकी, आणि आत्याचं ते थबकणारं नाक, सगळं आता त्या माणसाच्या आजीच्या नावावर जाणार.

तेवढ्यात टपालमास्तर आले.

ते पोस्टात गेले होते. तिकडच्या जो कोणी असेल त्याला रजिस्टर्ड पत्र टाकायला. उशीर झाल्यामुळे आवाज होऊ नये म्हणून त्यांनी दार अगदी हळू, सावकाश, बोटाबोटानं उघडलं. करकरणारं दार हळू उघडलं की काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. आठ महिन्यांची सगळी करकर त्या दारानं एका लांबलचक, आर्त सुरात काढली.

आत्यानं झटकन मान वळवली. एक भुवई वर गेली, ओठ जरासे दुमडले, बोट आपोआप ओठांवर आलं. राग होता, पण रागाच्या खाली काहीतरी अगदी मऊ होतं.

टपालमास्तर जागच्या जागी थांबले. भिंतीला टेकलेले शेजारी थांबले. आणि पडद्यावर, सात समुद्रांपलीकडे, एजंटाचा वकील वाक्याच्या मध्यावर गप्प झाला.

अधिकारी डबी हातात घेऊन बघत राहिला. मग त्यानं ती टेबलावर ठेवली आणि एकच शब्द बोलला. दुभाष्याला त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

निकाल पाच आठवड्यांनी आला. एजंटाची नोंदणी रद्द, बारा खोकी मोकळी. टपालमास्तर आजही म्हणतात की पत्र वेळेवर पोचलं. पोचपावती त्यांनी फ्रेम करून लावली आहे.

आता तिकडे चेअरमनांनी स्वतःच्या नावानं अर्ज करायचा होता, म्हणजे पुन्हा तोच परवानगीचा कागद. चेअरमन तो घेऊन निघाले आणि दारातच थांबले. मग कागद खिशात ठेवून, हात मोकळे घेऊन आत्याकडे गेले.

"आत्या, तुझं चित्र आम्ही डबीवर छापलं तर चालेल का?"

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग उठून कपाटातून एक फोटो काढला. तीच भुवई, तेच बोट. पण डबीवरच्या चित्रासारखा हा फोटो खांद्यापाशी संपत नव्हता. आत्याच्या मांडीवर एक बाळ झोपलं होतं, तोंड उघडं टाकून.

"तीन तास रडून झोपला होतास," आत्या म्हणाली. "तेवढ्यात तुझा बाप कॅमेरा घेऊन आला, आणि हे तुमचं दार करकरलं. त्या दारापायी तर त्यानं तेल काढलं."

"मग मला का कापलं?"

"तो म्हणाला, डबीवर बाळ दिसलं तर लोक अंगाला चोळायला नेतील."

चेअरमनांनी तोंड उघडलं. आत्यानं बोलू दिलं नाही. तिनं कागद मागून घेतला आणि सही करण्याआधी खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: 'परवानगी दहा वर्षांपुरती. पुढची हवी असल्यास समक्ष येऊन विचारावे.' वकिलीणबाईंनी ती ओळ तशीच राहू दिली. नोंदणीचं नूतनीकरणही दहा वर्षांनीच असतं.

त्या संध्याकाळी आत्या पुढच्या खोलीत येऊन बसली होती. चेअरमन खरोखरच डबी घेऊन उठले आणि दाराशी उकिडवे बसले. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. ते बिजागरीवर तेलाचा थेंब सोडणार, एवढ्यात आत्या म्हणाली,

"बाळ, राहू दे ती करकर. दहा वर्षांनी परत लागेल."